विषय तोच, मग वर्ष का अडते?

महाविद्यालय मधेच बदलले तर वर्ष वाया जाईल का, हा प्रश्न दर वर्षी निकालानंतर समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतो, आणि माहिती तंत्रज्ञान व संगणक शाखांच्या विद्यार्थ्यांकडून तो अधिक येतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून 2021 च्या पावसाळ्यातील एक प्रकरण सांगते. मुलीचे नाव सई धरू. खरे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

सईने रत्नागिरी जिल्ह्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयातून बीएस्सी आयटीचे पहिले वर्ष पूर्ण केले होते. टाळेबंदीमुळे ते जवळजवळ सगळे मोबाइलच्या पडद्यावरच झाले. वडील बँकेत होते; बढतीवर त्यांची नाशिकला बदली झाली आणि घर हलवायचे ठरले. नाशिकला घराजवळच्या महाविद्यालयात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा बीएस्सी संगणकशास्त्र हा अभ्यासक्रम होता. तिथल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की, शाखा वेगळी आणि विद्यापीठही वेगळे असल्यामुळे पुन्हा पहिल्या वर्षालाच प्रवेश घ्या.

"मॅडम, दोन्हीकडे संगणकच शिकवतात ना?" वडील पुन्हा पुन्हा विचारत होते. "मग ती पास झाली आहे हे यांना मान्य का नाही?" सई गप्प होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला तिथलं काही येणारच नाही." एका घरात दोन वेगळ्या चिंता होत्या. वडिलांची चिंता शुल्काची आणि वर्षाची होती, तर मुलीची चिंता आपण मागे पडू ही होती. दोन्ही एकत्र बोलल्या जात होत्या, म्हणून एकीचेही उत्तर मिळत नव्हते.

मी दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून तेव्हा लागू असलेले अभ्यासक्रम छापून आणायला सांगितले, आणि पुढच्या भेटीत ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सईलाच पेन्सिलने खुणा करायला लावल्या. सईच्या पहिल्या सत्रात ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय होता. पुण्याच्या संगणकशास्त्रात तो तिसऱ्या वर्षी येत होता. उलट डेटाबेसचा विषय पुण्यात पहिल्याच वर्षी शिकवून होत असे आणि मुंबईच्या आयटीत तो तिसऱ्या सत्रात, म्हणजे दुसऱ्या वर्षी येई. सी भाषेतील प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे होते, फक्त पेपरांची नावे वेगळी होती. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स तिने केले होते, परंतु पुण्याच्या पहिल्या वर्षात इलेक्ट्रॉनिक्स, गणित आणि संख्याशास्त्र हे संगणकाच्या बरोबरीचे स्वतंत्र विषय होते. तिच्याकडे संख्याशास्त्र होते ते 'न्यूमेरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्स' या पेपरात मिसळलेले. तासाभराने कागदाकडे पाहत सई म्हणाली, "म्हणजे निम्म्याहून जास्त झालंय." खरे सांगायचे तर त्या दिवशीचे समुपदेशन तिथेच झाले होते, पुढचे काम कागदपत्रांचे होते.

पालकांना मी इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. केवळ गुणपत्रिका घेऊन खिडकीवर जाऊ नये, कारण तिच्यावर फक्त विषयाचे नाव आणि गुण असतात. आधीच्या विद्यापीठाचा घटकनिहाय अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाचे तास व क्रेडिट (म्हणजे तासांवरून मोजलेले श्रेयांक), प्रात्यक्षिकांची यादी आणि स्थलांतर प्रमाणपत्र सोबत न्यावे, आणि समकक्षतेचा, म्हणजे आधीचे विषय इथल्या विषयांच्या बरोबरीचे मानावेत असा, लेखी अर्ज विभागप्रमुखांमार्फत विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जाईल असे पाहावे. विषय जुळतात की नाही हे खिडकीवरचा कर्मचारी ठरवू शकत नाही आणि त्याने ठरवूही नये. सईचा अर्ज असा गेला तेव्हा, वेळ बराच लागला तरी, डेटाबेस आणि संख्याशास्त्राचे राहिलेले पेपर सोडवण्याच्या अटीवर तिला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला.

त्याच वर्षी 28 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट ज्या खात्यात जमा राहतात त्या व्यवस्थेचे, विनियम प्रसिद्ध केले. आता अनेक पालक मला सांगतात की क्रेडिट बँकेत जमा आहेत, मग अडचण कसली? क्रेडिट जमा असणे आणि नव्या संस्थेने ते एखाद्या विशिष्ट विषयापोटी स्वीकारणे या दोन गोष्टी आहेत. बँक विद्यार्थ्याकडून थेट कागद घेत नाही, नोंद संस्थाच करते. क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षे वापरता येतात. आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. थिअरीचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट हे माप सगळीकडे एक झाले, हे चांगलेच झाले, मात्र मापात काय भरले आहे ते अजून ज्याचे त्याच्याकडे आहे. स्वायत्त महाविद्यालयांची अभ्यास मंडळे आपापला अभ्यासक्रम ठरवतात. बीसीए 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यासाठी नमुना अभ्यासक्रमही आला, पण बीएस्सी आयटी आणि बीएस्सी संगणकशास्त्र त्या कक्षेबाहेरच राहिले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सार्वजनिक महाविद्यालयांच्या विषयांना राज्यभर सामाईक क्रमांक असतात, आणि क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे व शेवटचे तीन अंक जुळले की दुसऱ्या महाविद्यालयाला तो विषय मान्य करावा लागतो. आपल्याकडे प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम अशा पाच-सहा पायाभूत विषयांपुरते एवढे झाले आणि बाकीचे महाविद्यालयांवर सोडले, तरी माझ्याकडे येणारे निम्मे पालक येणार नाहीत असे मला वाटते.

सगळे विषय सरसकट एक करावेत असे मात्र मी म्हणत नाही, आणि त्याचे कारण सईच आहे. तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा समोर आल्यावर वडील वैतागले. एकदा उत्तीर्ण झालेल्या विषयातून सूट मागणारा अर्ज त्यांनी लिहूनही आणला होता. सई दोन आठवडे वर्गात बसून आली आणि मला फोनवर म्हणाली, "मॅडम, अर्ज नको. तिकडे शेड्युलिंग म्हणजे काय ते शिकले होते, इथे ते सी मध्ये लिहून चालवायला लावतात." नाव एकच होते, पायरी वेगळी होती. आता राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला 4.5, दुसऱ्याला 5 आणि तिसऱ्याला 5.5 असे स्तर दिलेले आहेत, म्हणून हल्ली मी विद्यार्थ्यांना विषयाच्या नावाशेजारी त्याचा स्तरही लिहायला सांगते. सईने तो अर्ज दिला नाही.