वाचकांचे प्रश्न: समास, वहीतला आणि व्याकरणातला

प्रश्न: व्याकरणातला समास, दासबोधातला समास आणि वहीत सोडतो तो समास, हा एकच शब्द का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: पहिल्या दोन समासांचं नातं अगदी जवळचं आहे. संस्कृतात ‘अस्’ या एका धातूचा अर्थ फेकणे, टाकणे. ‘अस्त्र’ त्यातूनच आलं. त्याला ‘सम्’ लागला की एकत्र टाकणे, गोळा करणे. गोळा केलेलं कमी जागेत मावतं, म्हणून समासाला ‘थोडक्यात’ हाही अर्थ चिकटला. गीतेतलं ‘समासेनैव कौन्तेय’ (18.50) म्हणजे, अर्जुना, थोडक्यात ऐक. याच्या उलट व्यास. वि + अस्, म्हणजे वेगवेगळं करून पसरणे. वेदांची विभागणी करणारे ते व्यास, आणि वर्तुळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला तोही व्यास. न्यास, संन्यास, अभ्यास हीसुद्धा याच घरातली मंडळी.

दासबोधात 20 दशक आणि प्रत्येक दशकात 10 समास आहेत. तिथे समास म्हणजे एका विषयाचं आटोपशीर निरूपण. वहीतली कोरी जागा हा अर्थ मात्र मराठीतला, संस्कृतातला नव्हे. व्याकरणाच्या अभ्यासात तो डोक्यातून काढून टाकावा.

प्रश्न: मिसळपाव आणि पुरणपोळी, दोन्हीकडे दोन पदार्थांची नावं जोडलेली. मग समास वेगळे कसे? (दहावीतल्या मुलाची आई, नारायण पेठ)

उत्तर: समास म्हणजे काटकसर. त्यात कोणते शब्द गाळले ते शोधून परत आणणं म्हणजे विग्रह. पुरणपोळी म्हणजे ‘पुरण घालून केलेली पोळी’. मधलं ‘घालून केलेली’ गळलं, म्हणून मध्यमपदलोपी. कांदेपोहे, साखरभात तसेच. मिसळपावात ‘आणि’ गळलं आहे. मिसळ वेगळी, पाव वेगळा, दोघांचं वजन सारखं, म्हणून द्वंद्व. वडापावाचा विग्रह मुलं ‘वडा आणि पाव’ असा करतात, पण आमच्या मते ‘वडा घातलेला पाव’ हाच खरा. वडा बशीत वेगळा ठेवला तर त्याला कुणी वडापाव म्हणत नाही.

द्वंद्वाच्या पोटप्रकारांत मुलांचे गुण हमखास जातात. त्यासाठी शब्द वाक्यात घालून क्रियापद पाहावं. ‘आईवडील आले’: अनेकवचन, दोघेही मोजलेले, इतरेतर. ‘भाजीपाला महागला’, ‘चहापाणी झालं’: एकवचन, कारण सगळ्याचा मिळून एक गठ्ठा झाला. हा समाहार. त्याच्या विग्रहात ‘वगैरे’ किंवा ‘इत्यादी’ लिहावंच लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. मीठभाकर म्हणजे ‘मीठ, भाकर वगैरे’. ‘मीठ घातलेली भाकर’ नव्हे. ‘बरेवाईट’मध्ये ‘किंवा’ दडलेलं असतं, तो वैकल्पिक.

बहुव्रीही पाठ होत नसेल तर मुलाला त्याचं नावच फोडून दाखवा: बहु म्हणजे पुष्कळ, व्रीहि म्हणजे भात, तांदूळ. ज्याच्याकडे पुष्कळ तांदूळ आहे तो. अर्थ ना ‘बहु’चा, ना तांदळाचा, तिसऱ्याच कुणाचा. नावातच उदाहरण आहे.

प्रश्न: फलकावर ‘भूमीपूजन’ लिहायचं की ‘भूमिपूजन’? (फलक रंगवणारे, भवानी पेठ)

उत्तर: भूमिपूजन. शब्द सुटा असेल तर मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ: भूमी, गती, कवी, पशू. समासात तो पहिला आला की मूळ संस्कृतात असेल तसा ठेवायचा. म्हणून गतिरोधक, कविसंमेलन, पशुवैद्य. आपल्या शहरातच पाहा: शनी, पण शनिपार, रवी, पण रविवार पेठ. मुळातच दीर्घ असलेले शब्द दीर्घच राहतात: लक्ष्मीपूजन, नदीकाठ, वधूवर. विद्यार्थी, पक्षी, प्राणी हे संस्कृतात ‘इन्’ने संपणारे शब्द, पण मराठीच्या नियमाप्रमाणे समासात दीर्घ लिहायचे: पक्षीमित्र, प्राणीसंग्रह.

दुसरी चूक तोडून लिहिण्याची. ‘भूमि पूजन’ असं लिहिलं की समास मोडतो, आणि सुटा ‘भूमि’ मराठीत ऱ्हस्व चालत नाही. एका फटीने दोन चुका होतात. अक्षरं मोठी असून एका ओळीत मावत नसतील, तर ‘भूमि-’ असं संयोगचिन्ह देऊन ‘पूजन’ खालच्या ओळीत घ्या.