वाचकांचे प्रश्न : रेड वाइनमधला स्ट्यू

प्रश्न : स्ट्यूच्या सगळ्या पाककृतींत बीफ लिहिलेलं असतं. आमच्याकडे त्याऐवजी काय वापरावं? बोकडाच्या मटणाचा स्ट्यू होतो का? (भुसावळ)

उत्तर : हा पदार्थ मूळचा फ्रान्समधल्या बरगंडी भागातला. तिथे तो बैलाच्या मांसाचा करतात आणि त्यात तिथलीच पिनो न्वार द्राक्षांची वाइन घालतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी आधीपासून होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्याचं मांस या बंदीत येत नाही. ज्यांच्या घरी ते चालतं त्यांना मूळ पदार्थाच्या सर्वांत जवळचं तेच. ते गडद लाल असतं आणि त्याची चरबी पांढरी असते. चरबी कमी म्हणून ते लवकर कोरडं पडतं. मांडीचा गोळा न घेता पायाच्या नळीलगतचं, शिरांचं मांस मागा आणि मंद आचेवर तीन ते साडेतीन तास धरून चाला.

बोकडाचा स्ट्यू उत्तम होतो, फक्त तुकडे नीट निवडावे लागतात. खाटकाला ‘बोनलेस द्या’ म्हटलंत तर तो रानाचे, म्हणजे मांडीचे, तुकडे देईल आणि दोन तासांत त्यांचा सुतळीसारखा चोथा होईल. दस्त (खांदा), गर्दन, सीना (छाती) आणि नळी असं मिसळून एक किलो घ्या. तुकडे लिंबापेक्षा थोडे मोठे हवेत, रश्शाला करतात तसे बारीक नकोत. या भागांतल्या पांढऱ्या शिरा-पडदे म्हणजे कोलॅजन. ते तास-दोन तासांत विरघळून जिलेटिन होतं आणि स्ट्यू ओठाला चिकटण्याइतका दाट होतो. चाप यात घालू नका, पैसे वाया जातात.

प्रश्न : मटण, कांदा, गाजर, वाइन सगळं एकत्र कुकरला लावलं. रंग राखाडी-जांभळा, रस पाण्यासारखा, वर वाइनचा उग्र वास. काय चुकलं? (धुळे)

उत्तर : रश्शाच्या सवयीने केलंत. आपल्या काळ्या रश्शात रंग आणि खमंगपणा भाजलेल्या कांदा-खोबऱ्यातून येतो, म्हणून मटण कच्चं टाकलं तरी चालतं. स्ट्यूत वाटण नाही. इथे मटणालाच तांबूस व्हावं लागतं, आणि तेही पाणी पडायच्या आधी. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि मांसावर तांबूस थर धरायला साधारण १४० अंश लागतात. त्यामुळे एकदा रस झाला की रंगाची आशा सोडायची.

एक किलो मटणाला साहित्य असं : रेड वाइन ३०० मिली, गरम पाणी किंवा हाडांचं पाणी ४०० मिली, दोन मोठे कांदे चिरून, दोन गाजरं जाड तुकडे करून, लसणाच्या आठ पाकळ्या, एक टोमॅटो किसून, मैदा दोन मोठे चमचे सपाट, दोन तेजपानं, दहा-बारा मिरी, मीठ दोन छोटे चमचे, शेंगदाणा तेल तीन मोठे चमचे. परदेशी पाककृतीत थाईम हा सुगंधी पाला असतो. तो मिळाला नाही तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा ओवा चुरडून घाला. थाईमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच ओव्यातही असतं. त्याहून जास्त घातलात तर स्ट्यूला भज्यांचा वास येईल.

मटण धुतलं असेल तर चाळणीत निथळून, मग सुती फडक्याने प्रत्येक तुकडा टिपून कोरडा करा. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवा, तेल घाला आणि एका वेळी पाव किलोच तुकडे टाका, तेही एकमेकांना न चिकटवता. टाकल्यावर चर्र आवाज यायला हवा. तो बसला आणि खदखद सुरू झाली, तर पातेल्यात गर्दी झाली आहे. निम्मे तुकडे लगेच बाहेर काढा. तीन-चार मिनिटं हात लावू नका. तुकडा पुरेसा भाजला की तळापासून आपोआप सुटतो, ओढावा लागत नाही. मग उलटा. एक घाणा सात-आठ मिनिटांचा, चार घाण्यांना अर्धा तास जातो. तेवढा द्यावाच लागतो.

सगळं मटण काढून त्याच तेलात कांदा मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परता. लसूण शेवटच्या मिनिटात. मग टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे. आता आच बारीक करून वाइन ओता. गॅस मोठा असताना ओतलीत तर वाफ पेट घेऊ शकते. लाकडी उलथन्याने तळाची तांबूस खरवड खरवडून वाइनमध्ये विरघळू द्या. चव त्या खरवडीत आहे. झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं उकळा. वाइन निम्मी आटली आणि नाकात चढणारा वास गेला की मटण, गरम पाणी, तेजपान, मिरी, ओवा आणि निम्मं मीठ घालून झाकण ठेवा.

पुढे दीड ते दोन तास अगदी मंद आच. पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा, बस. गाजर शेवटच्या पाऊण तासात घाला. उरलेलं मीठ सर्वांत शेवटी, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढतो.

प्रश्न : कुठली वाइन घ्यावी? दुकानदाराने पोर्ट दिली, स्ट्यू गोडमिट्ट झाला. (जळगाव)

उत्तर : आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हणून जी स्वस्त लाल बाटली मिळते ती गोड असते, आणि आटवल्यावर तिचा गोडवा दुप्पट होतो. लेबलवर ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेली, असं बघून घ्या. नाशिककडची शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉन चालते. मटणाला आम्ही शिराझच सुचवू, तिच्यातला मिरीसारखा तिखटपणा बोकडाच्या वासाला सांभाळून घेतो. महागडी बाटली पातेल्यात ओतण्यात अर्थ नाही, तिचे बारकावे उकळण्यात उडून जातात. मात्र पिऊन बघितल्यावर तोंड वाकडं होत असेल, तर ती वाइन स्ट्यूतही नको.

बाटली कुठे ठेवलेली होती तेही बघा. एप्रिल-मेच्या उन्हात शोकेसमध्ये उभी असलेली वाइन आतल्या आत शिजते. बूच वर सरकलेलं असेल किंवा तळाशी चिकट ओघळ असेल तर घेऊ नका. ७५० मिलीच्या बाटलीतली उरलेली वाइन घट्ट बंद करून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. त्याहून लांबवायची असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. ती पाण्याइतकी कडक गोठणार नाही, पण पुढच्या स्ट्यूला तशीच टाकता येते.

प्रश्न : मटण लवकर शिजावं म्हणून रात्रभर वाइन आणि कच्च्या पपईत मुरवलं, बाहेरून लगदा झाला आणि आतून चिवटच राहिलं. (शहादा)

उत्तर : पपई तुमच्या बांधावर असली तरी हा तिचा पदार्थ नव्हे. पपईतलं पपेन तुकड्याच्या वरच्या थरापलीकडे फारसं जात नाही, पण तो थर मात्र पार मोडून टाकतं. कबाबाच्या पातळ कापांना ते चालतं. दोन तास शिजणाऱ्या जाड तुकड्यांना त्याची गरजही नाही, शिवाय लगदा झालेला पृष्ठभाग तांबूस होत नाही.

वाइनचंही तसंच, रात्रभरात ती काही मिलिमीटरच आत शिरते. मुरवायची हौस असेल तर वाइन आधी उकळून पूर्ण गार करा, मग मटण त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका, खान्देशातल्या रात्रीही उन्हाळ्यात गरम असतात. सकाळी मटण निथळून, टिपून घ्या आणि उरलेली वाइन पातेल्यात जाईल तेव्हा खळखळून उकळा, कारण तिच्यात कच्च्या मटणाचं रक्त उतरलेलं असतं.

प्रश्न : दोन तास गॅस जाळणं परवडत नाही. कुकरमध्ये किती शिट्ट्या? आणि माझे बटाटे कायम कडक का राहतात? (अमळनेर)

उत्तर : शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा. कोवळ्या बोकडाला १५ ते १८ मिनिटं, जून बोकडाला २५, म्हशीच्या मांसाला ३५ ते ४०. मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस एकदम खळखळतो आणि तुकडे आक्रसतात, फुटतात.

कुकरसाठी दोन बदल आहेत. कुकरमध्ये फारसं काही आटत नाही, म्हणून पाणी ४०० ऐवजी २०० मिली. वाइन मात्र झाकण लावण्याआधी उघड्यावरच निम्मी करून घ्या. तशीच कोंडलीत तर उग्र वास आतच राहतो. दुसरं, मैदा आधी घालू नका. तो तळाशी बसून करपतो. कुकर उघडल्यावर २० ग्रॅम लोणी आणि २० ग्रॅम मैदा बोटांनी मळून त्याच्या गोळ्या रसात सोडा, ढवळत पाच-सात मिनिटं उकळा. रस चमच्याच्या पाठीवर थर धरेल इतका दाट हवा.

बटाट्याचा दोष नाही. वाइन आणि टोमॅटो दोन्ही आंबट, आणि भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन आंबट रसात सुटत नाही. तासभर उकळलं तरी बटाटा मध्ये कच्चा लागतो. तो वेगळा, मिठाच्या पाण्यात जवळजवळ शिजवून शेवटची दहा मिनिटं स्ट्यूत टाका. मशरूम घालणार असाल तर तेही वेगळ्या तव्यावर, पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतून.

प्रश्न : कडवट झालेला स्ट्यू सुधारता येतो का? आंबटपणा मोडायला सोडा टाकला तर रंगच गेला. (चाळीसगाव)

उत्तर : रेड वाइनचा लाल रंग आंबट रसातच टिकतो. सोड्याने आंबटपणा मोडला की तो निळसर-राखाडी होतो. आंबट लागत असेल तर एक कांदा वेगळा, अर्धा तास मंद आचेवर गडद होईपर्यंत परतून त्यात मिसळा, वर चिमूटभर साखर. पुढच्या वेळी टोमॅटो गाळा.

कडवटपणाचं कारण आधी शोधा. वाइन पुरेशी आटली नसेल तर झाकण काढून आणखी वीस मिनिटं उकळा आणि शेवटी एक चमचा लोणी घाला, तुरटपणा बराच बसतो. तेजपान चार-पाच घातले असतील तर काढून टाका. पण तळाची खरवड काळी झाली होती आणि तीच वाइनमध्ये विरघळवली असेल, तर उपाय नाही. तांबूस ठेवायची, काळी टाकायची. दुसऱ्या घाण्यानंतर तळ काळवंडताना दिसला की दोन चमचे पाण्याने पातेलं पुसून घ्या आणि नव्या तेलात पुढचा घाणा लावा.

प्रश्न : शिजल्यावर दारूचा अंश उरतो का? घरात लहान मुलं आहेत, सासरे माळकरी नाहीत पण दारूला शिवत नाहीत. (नंदुरबार)

उत्तर : ‘सगळी उडून जाते’ हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर मंद शिजवल्यावर सुमारे २५ टक्के अल्कोहोल उरतं, दोन तासांनी १० टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. ३०० मिली, १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये ३९ मिली अल्कोहोल असतं. दोन तासांनी पूर्ण पातेल्यात चारेक मिली राहील, सहा ताटांत वाटलं तर प्रत्येकी एक मिलीहून कमी. नशा येण्याचा प्रश्न नाही, पण शून्यही नाही. म्हणून सासऱ्यांना न सांगता वाढू नका. त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी वेगळ्या पातेल्यात वाइनऐवजी बिनसाखरेचा डाळिंबाचा रस १५० मिली, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि बाकी हाडांचं पाणी घाला. वाइनची चव येणार नाही, पण तांबूस मटणाचा दाट स्ट्यू होईल.

प्रश्न : चुलीवर करायचा आहे. घरात जर्मनचं पातेलं आणि बिडाची कढई आहे. (साक्री)

उत्तर : दोन्ही नकोत. वाइनचा आंबटपणा जर्मनला, म्हणजे ॲल्युमिनियमला, खातो, रसाला धातूची चव आणि मळकट रंग येतो. बिडाच्या कढईत मटण भाजून घ्या, त्यासाठी तिच्यासारखं भांडं नाही, पण वाइन ओतायच्या आधी सगळं जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात काढा. खरवड थोड्या गरम पाण्याने सोडवून तीही सोबत न्या. कल्हई धड असेल तर पितळी पातेलंही चालतं. चुलीवर शेवटचे दोन तास ज्वाळ नको, निखारेच हवेत. लाकूड मागे ओढून घ्या आणि झाकणावर चार निखारे ठेवा.

प्रश्न : थोडा काळा मसाला घातला तर? आणि सोबत काय? भरताची वांगी टाकून बघू का? (पाचोरा)

उत्तर : काळा मसाला घातलात की तो रस्साच झाला, मग वाइन कशाला वाया घालवता? वांगी विरघळून रस गढूळ करतील, ती भरतालाच राहू द्या. सोबत ज्वारीची भाकरी छान लागते, पाव तर आहेच. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीला स्वतःची चव आणि मीठ असतं, तेव्हा स्ट्यूत मीठ बेताचं ठेवा. ठेचा बाजूला असावा, पातेल्यात नाही.

प्रश्न : उरलेला स्ट्यू मे महिन्यात किती टिकतो? (यावल)

उत्तर : दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, पण मेच्या उकाड्यात शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. खोल पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट ताटात किंवा परातीत काढा, खाली गार पाणी ठेवा, मग डब्यात भरा. फ्रिजमध्ये तीन दिवस. सकाळी रस थिजलेला दिसला तर तो खराब झालेला नाही, ते जिलेटिन आहे. वरची पांढरी चरबी चमच्याने काढून टाका. लागेल तेवढाच भाग काढून एकदाच खळखळून उकळा. वीज चार-पाच तास गेली असेल आणि डबा हाताला गार लागत नसेल, तर टाकून द्या.