सलूनमधल्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) पेटीत ठेवलेले कात्री-कंगवे निर्जंतुक होतात का?
नाही, नुसत्या पेटीवर विसंबू नका. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. कंगव्याच्या दातांमधल्या फटी, कात्रीचा सांधा, केस किंवा तेल चिकटलेली जागा हे सगळं सावलीतच राहतं. ती निळी पेटी स्वच्छ केलेलं साहित्य ठेवायला ठीक आहे, स्वच्छ करायला नाही.

खरं काम त्याच्या आधीचं. केस काढून साबण-पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत ठेवायचं. घाई होते ती नेमकी इथे: बुडवलं, काढलं, पुसलं, झालं! अल्कोहोल वापरत असतील तर साधारण ७० टक्क्यांचं हवं. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं आणि जंतूंवर कमी चालतं.

ब्लेडबाबत मात्र तडजोड नकोच. हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो, आणि पात्यावरचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक वेळी नवं ब्लेड, तेही तुमच्यासमोर फोडलेलं. तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरतो, त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो नको म्हणून सांगा.

वॅक्स लावायची काडी त्वचेला लागल्यावर पुन्हा डब्यात जात असेल तर तिथेच थांबवा. कंगवा स्वतःचाच नेला तरी कुणी काही म्हणत नाही.