सोर्समधून विम बांधणाऱ्या पोराला

लेका, उदगीरला बसून विम, म्हणजे टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर, सोर्स कोडमधून स्वतः बांधायला घेतलास, झकास. अवघड काही नाही, घाई तेवढी करू नको.

आधी सामान. उबुंटू लिनक्सवर बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरे हत्यारं) आणि एनकर्सेसचं (टर्मिनलचा स्क्रीन सांभाळणारी लायब्ररी) डेव्ह पॅकेज टाक. बहुतेक पोरं इथंच अडकतात. एनकर्सेस मशीनवर असतंच की, पण ते नुसतं चालवण्यापुरतं. बांधायला हेडर फायली लागतात, त्या डेव्ह पॅकेजात येतात. भाकरी आयती आहे, पीठ नाही, असं ते.

गिट क्लोननं कोड उतरवताना डेप्थ १ दे, म्हणजे फक्त ताजी आवृत्ती येते. इतक्या जुन्या प्रोजेक्टचा सगळा इतिहास ओढत बसलास तर मोबाईलचा डेटा दुपारीच संपायचा. पुढं कॉन्फिगर (मशीन तपासतो), मेक (कोड बांधतो), मेक इन्स्टॉल (बांधलेलं जागेवर बसवतो), बास.

कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, म्हणून होममधलं डॉट-लोकल फोल्डर दे. मग सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लागत नाही, सिस्टिमचा विमही शाबूत राहतो. मी पहिल्यांदा सगळं सुडोनं ठोकलं आणि फायली कुठं पसरल्या ते शोधण्यात आख्खा रविवार घातला.

चुका ठरलेल्या:
- कॉन्फिगर काय म्हणतोय ते न वाचताच मेक मारणं.
- शेवटची एरर गूगल करणं. पहिली बघ, खालच्या बहुतेक तिचीच पिल्लं.
- मध्येच लाइट गेली म्हणून सगळं डिलीट करणं. मेक पुन्हा चालव, झालेलं काम तो परत करत नाही. विचित्र एरर आली तरच मेक क्लीन, म्हणजे बांधलेलं पुसून नव्यानं सुरू.

विममध्ये पायथन, लुआ या भाषांचा सपोर्ट आत्ता नकोच.

झाल्यावर नवं टर्मिनल उघडून विमला व्हर्जन विचार. कंपाइल केल्याची आजची तारीख दिसली नाही, तर पाथमध्ये (टर्मिनल प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जुनाच विम पुढं बसलाय.