दर सहा महिन्यांनी फुल बॉडी चेकअप करायचं का?

उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे 42 वर्षांचे गृहस्थ पत्नीला घेऊन समुपदेशनाला आले. थोरल्या भावाला पन्नाशीत हार्ट अटॅक आला, तेव्हापासून ते दर सहा महिन्यांनी 80 तपासण्यांचं पॅकेज करत होते. "प्रत्येक वेळी काहीतरी ठळक अक्षरात येतंय बघा, मग आठ-आठ दिवस झोप न्हाई. आता दर तीन महिन्याला करावं म्हणतोय."

आधी त्या ठळक अक्षरांचं सांगितलं. बहुतेक तपासण्यांची नॉर्मल मर्यादा अशी आखतात, की धडधाकट माणसांपैकीही साधारण 5 टक्के तिच्या बाहेर जातात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाची एक तरी मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के. इथं तर 80 होत्या. त्यांची झोप उडवली होती सीईएनं, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाच्या आकड्यानं. हा मार्कर कॅन्सरच्या रुग्णावर उपचारांदरम्यान लक्ष ठेवायला असतो. काही त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर शोधायला नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत तो थोडा वाढलेला सापडतो, आणि हे रोज पाच-सहा ओढत होते. एवढ्या जाड फायलीत त्याची कुठं नोंदच नव्हती.

मग बीपी. आल्या आल्या 154/96. खाली टपरीवर चहा-सिगारेट करूनच वर आले होते. अर्धा तास थांबवलं, लघवीला जाऊन यायला सांगितलं. नंतर पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, दंड छातीच्या पातळीला घेऊन पाच मिनिटं गप्प बसवलं. आता 142/90, दोन मिनिटांनी 138/88. एवढ्यावर गोळी सुरू होत नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहायचं. सरासरी 135/85 किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

निरोगी माणसाला तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, उपाशीपोटी साखर, वजन आणि कमरेचा घेर एवढं पुरतं. घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा. कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर साधारण 5 वर्षांनी. यांच्या सख्ख्या भावाला 55च्या आत अटॅक आलेला, त्यात सिगारेट. त्यामुळे कोलेस्टेरॉल किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी ठरवायचं. सिगारेट सोडण्याची तारीख मात्र तिथंच ठरवून घेतली. भावाच्या वाटेनं जायचं नसेल तर पुढच्या कुठल्याही पॅकेजपेक्षा तिचा उपयोग जास्त.

सोबत आलेल्या वहिनी तोवर गप्प होत्या. "मला काय झालंय? मी कशाला तपासू?" वय 38. विचारल्यावर कळलं, धाकट्याच्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती; बाळंतपणानंतर परत कुणी बघितलीच नाही. अशा बाईला पुढं मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो, म्हणून साखर तपासणं खरं तर त्यांना आधी गरजेचं होतं. शिवाय 30 ते 65 वयात गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी दर 5 वर्षांनी करायची असते. सरकारी आरोग्य केंद्रातून ती मोफत होते. दोघांनी मिळून पहिली तारीख वहिनींचीच घेतली.

जाताना एक कागद दिला: छातीत दाब किंवा दुखणं, कारण नसताना उतरणारं वजन, दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव. यातलं काहीही दिसलं तर वार्षिक तपासणीची वाट बघायची नाही. छातीत दाब आला किंवा दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, बाकीच्यांसाठी त्याच आठवड्यात.