डीपीशेजारची काळी चार

प्रश्न: आम्ही पाच बायका आणि चार पुरुष, सगळे नोकरी-धंदा सांभाळून गाणारे. दोन वर्षं झाली, दर रविवारी इंदिरानगरला एकीच्या घरी जमतो आणि वाद्यांशिवाय, चार आवाजांत बांधून गाणी बसवतो. याला अकापेला म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. सोसायटीचा गणपती, एक वृद्धाश्रम, भाचीचं लग्न आणि गेल्या दिवाळीत पहाटे गोदाघाटाजवळ उघड्यावर, असं गायलो. वृद्धाश्रमात आज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेच गाणं आठवड्याभराने घाटावर अगदी पडलं. शिवाय ज्या पट्टीत सुरू करतो तिथे संपत नाही, खालीच येतो. आयोजक म्हणतात, 'निदान एक ढोलकी तरी आणा.' आणावी का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ढोलकी आणू नका. ती आली की पहिल्या आवर्तनातच ऐकणाऱ्याचा कान तिच्यामागे जातो आणि चारांतले मधले दोन आवाज गाणारे तुमचे बिचारे चौघं घरी राहिले असते तरी चाललं असतं. ठेका हवाच असेल तर टाळी आहे, चुटकी आहे, पाय आहेत. पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरताना कुणी तबलजी बोलावला होता का?

पण मला दुसरंच खटकलं. कुठे कुठे गायलात ते तुम्ही सगळं लिहिलंत, त्या जागी नेमके कुठे उभे राहिलात ते एकदाही नाही. वाद्य नसलेल्या मंडळींचं वाद्य म्हणजे ती जागा. ते न लावता तुम्ही गायला बसलात.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, तोंडावर पडून शिकले आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत संगीत शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही सात मैत्रिणींनी असाच उद्योग सुरू केला. गंगापूर रोडकडच्या एका लॉन्सवर स्वागत समारंभात गायचं होतं. मंडपवाल्याने आम्हाला कडेला, थेट डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कुंपणालगत उभं केलं. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा आमचा षड्ज, आमचा 'सा'; रोजच्या सरावाची. दुसऱ्या कडव्याला एकमेकींकडे बघायला लागलो, तिसऱ्याला सगळ्या खाली. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि चोर सापडला. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, शंभरावर घुमतो. हार्मोनियमवर बघितलंत तर ती घूं पांढरी पाचच्या, म्हणजे काळी चारच्या लगेच खालच्या पट्टीच्या, किंचित वर बसते. म्हणजे आमच्या षड्जाच्या जेमतेम खाली कुणीतरी संध्याकाळभर न दमता दुसरा षड्ज धरून बसलं होतं. त्याच्यापुढे सात बायकांचं काय चालणार? पुन्हा अशी वेळ आली तेव्हा मी मुकाट्याने पांढरी पाच घेतली. अगदी तंतोतंत जुळलं नाही, पण भांडण मिटलं.

तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, त्या जागी जाऊन या. एक टाळी वाजवा आणि गप्प उभे राहा. टाळी लगेच विझली तर जागा कोरडी आहे, मागे शेपूट राहिलं तर ओली. वृद्धाश्रमाच्या खोलीत खाली फरशी, उघड्या भिंती आणि आज्या हाताच्या अंतरावर बसलेल्या असणार. तिथे तुमचा आवाज भिंतींनी परत आणून तुमच्याच हातात दिला. घाटावर भिंतच नाही. गेलेला आवाज गेलाच. प्रत्येकाला फक्त स्वतःचं ऐकू येतं, मग प्रत्येक जण जोर लावतो, जोर लावला की श्वास अपुरा पडतो आणि श्वास संपला की सूर बसतो. आज्या रडल्या ते तुमच्या गाण्याने, हे खरंच. पण थोडं श्रेय त्या भिंतींनाही द्या.

उघड्यावर गाताना पाठीशी दगडी भिंत घ्या. घोड्याच्या नालासारखे उभे राहा, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. खर्जाचे आवाज मधोमध. श्रोते पायऱ्यांवर आणि तुम्ही खाली, असं जमलं तर उत्तमच. आणि पहाट सोडू नका. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते, त्यामुळे आवाज वर उडून न जाता खाली वळतो आणि लांब पोचतो. दुपारी तापलेल्या फरशीवर नेमकं उलटं होतं.

गाणंही जागा बघून निवडा. लहान मुलींची सहल घेऊन एकदा पांडवलेण्यांत गेले होते. अठरा क्रमांकाच्या चैत्यात एकीने सहज 'सा' लावला. तिने तोंड मिटलं तरी दगड गातच होता. मग चौकीदाराने आम्हाला बाहेर काढलं, आणि बरोबरच केलं. तिथे कार्यक्रम करायचा तर परवानगी लागते, लागलीच पाहिजे. पण अशा जागेत भरभर शब्दांचं गाणं घेतलंत तर एका ओळीवर दुसरी चढून नुसता गलका होईल. तिथे लांब स्वरांचं, संथ काहीतरी. उलट नाट्यगृह बोललेलं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बांधलेलं असतं. कालिदास कलामंदिरात गायची हौस नाशकात कुणाला नाही? पण कोरड्या नाट्यगृहात लांबवलेला स्वर उघडा पडतो. तिथे शब्द आणि ठेका यांच्या जिवावर चालणारी गाणी घ्या. आणि रिकाम्या सभागृहातल्या तालमीवर विसंबू नका, माणसं येऊन बसली की निम्मी गुंज त्यांचे कपडेच पिऊन टाकतात.

माइक प्रत्येकाला एक मागू नका. नऊ माइक म्हणजे तुमचा तोल साउंडवाल्या मुलाच्या बोटात, आणि मुख्य चाल कुणाकडे आहे हे त्याला काय माहीत? दोन पुरेत, समोर, थोडे लांब. आणि त्याला हात जोडून सांगा, 'बाबा रे, इको टाकू नकोस.' कोजागिरीला गच्चीवर तर तेही नकोत. रात्री दहाला नियमाप्रमाणे लाउडस्पीकर बंद होतो, सगळ्यांची तोंडं उतरतात, दूध अजून आटत असतं. तुमची वेळ ती.

आता खाली येण्याबद्दल. रविवारची तालीम हार्मोनियमवर किंवा कीबोर्डवर करता ना? तिथेच मेख आहे. पेटीचा शुद्ध गंधार, म्हणजे 'ग', चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार त्याच्या खाली. वाद्य नसलं की कान आपसूक त्या दुसऱ्या गंधाराकडे ओढ घेतो, पण सवय पेटीची. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि तडजोड करत करत सगळे उतरणीला. पेटी कपाटात ठेवा, मोबाइलवर तानपुरा लावा. गाणं सुरू झालं की तो बंद करा, संपलं की पुन्हा लावून बघा किती घसरलात ते. लाजू नका, हौशी मंडळी एका गाण्यात अर्धा स्वर सहज घसरतात. उतरताना पायरी मोठी पडते आणि चढताना लहान, एवढं लक्षात ठेवून गायलात तरी निम्मं काम झालं. कधी कधी पट्टीच आळशी असते. काळी चारला बसणारं गाणं अर्धा स्वर वरच्या पांढरी सहाला ताठ उभं राहिलेलं मी पाहिलंय. आणि प्रत्येक गाण्याआधी षड्ज नव्याने घ्या, मागच्या गाण्याच्या उतारावरून पुढचं सुरू करू नका.

प्रश्न: माझी बायको अशाच एका ग्रुपमध्ये गाते. तालीम आमच्याच हॉलमध्ये. वरचे शेजारी कुरकुरतात. मी काय करू?
(एक त्रस्त पती, नाशिकरोड)

उत्तर: तालीम बेडरूममध्ये हलवा. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट आवाज पितात, त्यामुळे वरच्यांना कमी ऐकू जाईल आणि गाणाऱ्यांना स्वतःच्या चुका जास्त. शेजाऱ्यांना एकदा पोह्यांना बोलवा. आणि तुमचा स्वतःचा आवाज कसा आहे ते लिहिलं नाहीत. खर्जात उतरत असाल तर कळवा, अशा ग्रुपना खर्जाचा माणूस नेहमी एक कमीच असतो.