जुना पाइप शाबूत, मग मध्ये घातलेला नवाच तुकडा का सडला?

तुम्ही विचारलंय की, खाडीलगतच्या तुमच्या गावात नळयोजनेची पंचवीस वर्षं जुनी एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, पाइपलाइन एका जागी गळायला लागली, म्हणून तेवढाच सहा मीटरचा तुकडा नवा घातला. तीन वर्षांत त्या नव्या तुकड्याची चाळण झाली, दोन्ही बाजूंचा जुना पाइप मात्र धड आहे. ठेकेदाराने माल हलका दिला का?

मी पाइपलाइनच्या सीपीचं, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शनचं (विजेच्या प्रवाहाने पाइपचा गंज रोखण्याचं) काम करतो. माझा पहिला संशय मालावर नाही. पाइप चोख असता तरी बहुधा हेच झालं असतं.

गंजलेलं लोखंड आणि नवं कोरं लोखंड मातीत दोन वेगळ्या धातूंसारखं वागतं. कॉपर सल्फेटचा हाफ सेल (व्होल्टेज ज्याच्याशी ताडून मोजतात ती नळी) जमिनीत टेकवून मल्टिमीटर लावला, तर जुन्या पाइपवर साधारण उणे 200 ते 500 मिलिव्होल्ट दिसतात, नव्यावर उणे 500 ते 800. दोन्ही वेल्डिंगने जोडलेले आणि भोवती खारट ओल, म्हणजे बॅटरीच झाली. नवा तुकडा अ‍ॅनोड होतो आणि स्वतः विरघळत जुन्याला वाचवतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे 9 किलो लोखंड जातं. तुमच्याकडे एवढा वाहत नसेल, पण भोक पडायला काही ग्रॅमही पुरतात. जांभ्याच्या कोरड्या मुरमात हा प्रवाह अडखळला असता. खाजणातल्या मिठाने त्याला मोकळी वाट दिली.

भरतीच्या रेषेजवळ असाच एक तुकडा आम्ही खणून काढला होता. वरचं अंग नुसतं तांबूस होतं. खाली, जिथे चिखल चिकटून होता, तिथे लिंबाएवढा तांबडा फोड. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर आत काळा लगदा आणि कुजक्या अंड्याचा वास. लगदा पुसल्यावर वाटीसारखा चकचकीत खड्डा. जिथे हवा कमी पोचते ती बाजू अ‍ॅनोड होते, आणि तो वास हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा. म्हणून खड्डा बुजवताना चिकणमातीची ढेकळं पाइपला टेकू देऊ नका, चारी बाजूंनी एकसारखी, बिनखारी वाळू भरा.

त्या पट्ट्यात आता एचडीपीई, म्हणजे न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप, घातलात तर उत्तम. एमएसच घालायचा असेल, तर फक्त नव्याला कोटिंग करून थांबू नका. कोटिंगला टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी सगळा प्रवाह तिथूनच बाहेर पडतो आणि पाइप आणखी लवकर फुटतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना जुना पाइपही जमेल तितका झाका, इन्सुलेटिंग जॉइंट (जुन्या-नव्यातला विजेचा संबंध तोडणारा जोड) घाला आणि नव्या तुकड्याला मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड जोडा, म्हणजे पाइपऐवजी ते विरघळतील. रीडिंग उणे 850 मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवं. हा आकडा रॉबर्ट कून यांनी 1928 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये मांडला, आम्ही आजही तोच धरतो. अंड्याचा वास आला तर मात्र उणे 950 धरा.

काढलेला तुकडा भंगारात देऊ नका. भोकं जोडाजवळ दाट असतील तर जुन्या-नव्याची बॅटरी, तळाला असतील तर चिखल. आणि जिथे गंज नाही तिथे पत्र्याची जाडी मोजा. ती ऑर्डरपेक्षा कमी भरली, तर ठेकेदाराला जरूर जाब विचारा.